खालच्या मजल्यावरचं मशीन

मुलांनो, मागच्या रविवारी फोनवरच्या व्हिडिओ कॉलमध्ये धाकट्याने मला विचारलं, "आजी, तुझा कॉम्प्युटर मेला ना?" थोरलीने त्याला कोपराने ढोसलं. तेही मला दिसलं. "कोणी सांगितलं?" म्हटलं, तर दोघं एकदम म्हणालात, "वरच्या आजोबांनी."

म्हणून हे लिहीत आहे. वरच्या मजल्यावरून तुमच्याकडे एक हकिकत पोचली आहे. खालच्या मजल्यावरची पोचलेली नाही. शिवाय तुमचे बाबा यंदा गणपतीत बडोद्याला येणार आहेत. "आई, एकदा येऊन सगळं नीट करून टाकतो," असं ते म्हणाले आहेत. त्यांचं हे 'नीट' म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक आहे. ते इथे पोचायच्या आत तुम्ही हे वाचलेलं असावं.

पहिली गोष्ट, कॉम्प्युटर मेलेला नाही. हे पत्र त्याच्यावरच लिहिलं आहे.

तुमचे आजोबा कोयलीला रिफायनरीत होते. कंट्रोल रूममध्ये त्यांचं आयुष्य गेलं. तिथला त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी घरीही आणला: चालत्या प्लांटमध्ये पाना घालायचा नाही. जे काही बदलायचं ते शटडाऊनला, ठरलेल्या दिवशी, सगळं थांबवून. बाकी वर्षभर नुसतं लक्ष ठेवायचं. घरातला पंखा करकरायला लागला तरी ते म्हणत, "फिरतोय ना? मग रविवारी बघू."

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं. लिनक्स एकच नसतं, त्याचे पुष्कळ प्रकार असतात आणि ढोबळ मानाने त्यांची दोन कुळं आहेत. एका कुळात सगळे भाग आधी खूप दिवस तपासतात, मग एकदा ते पक्के बांधून तुमच्या हाती देतात. त्यानंतर वर्ष-दोन वर्षं त्यातलं काही हलत नाही. फक्त कुलपं-कड्यांची दुरुस्ती तेवढी येत राहते, म्हणजे चोर शिरू नयेत. दुसऱ्या कुळात पक्कं असं काही बांधतच नाहीत. जगात कुठेही, कोणीही नवं काही केलं की ते तुमच्या घरात येऊन पडतं. रोज. पहिल्याला स्थिर म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणतात ते तुमचे वरचे आजोबा तुम्हाला सांगतीलच, न विचारताही.

आजोबांनी स्थिर घेतलं आणि त्याचा शटडाऊन ठरवला दसऱ्याला.

आपले पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. त्यामुळे आपल्याकडे खंडेनवमीला पत्र्याच्या पेटीतली ती गंजकी तलवार बाहेर निघते हे तुम्हाला माहीत आहे; थोरलीने एकदा ती उचलायचा प्रयत्नही केला होता. तलवारीबरोबर आजोबांची हत्यारं असत. पाने, पकड, मल्टिमीटर आणि एक पेन ड्राइव्ह. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. कॉम्प्युटरला माळ. त्या दिवशी तो सुरू करायचा नाही, हत्यारांना विश्रांती असते. दुसऱ्या दिवशी दसरा. नवी आवृत्ती आलेली असेल त्या वर्षी दुपारच्या जेवणानंतर आजोबा ती बसवायला घेत. आलेली नसेल त्या वर्षी नुसतीच माळ. "आपलं सीमोल्लंघन," म्हणत. मी शेजारी खुर्ची टाकून बसे, कारण मधे मधे मशीन प्रश्न विचारी आणि इंग्रजीतले प्रश्न नीट वाचल्याशिवाय 'हो' म्हणायचं नाही ही माझी शिस्त. ते वाचत आणि मी पुन्हा वाचे.

शेवटी पेन ड्राइव्हवरून एक फाइल परत जागेवर ठेवायची. ती ठेवली की दसरा संपला.

त्या फाइलबद्दल नीट सांगते, कारण सगळं भांडण तिचंच आहे.

मी उभा जन्म इंग्रजी शिकवलं. शाळेच्या प्रश्नपत्रिका स्वतः टाइपरायटरवर काढत असे, बोटांकडे न बघता. पण मराठी टाइप करायला बसले की एकेक अक्षर शोधावं लागे आणि दोन ओळींत मी वैतागून उठे. तुम्ही दोघं तिकडे परदेशी गेलात, तुमचं मराठी पातळ व्हायला लागलं, तेव्हा मी ठरवलं की तुम्हाला दर आठवड्याला मराठीतच लिहायचं. आजोबा म्हणाले, "तुझी बोटं जिथे जातात तिथे अक्षरं ठेवू. अक्षरांना काय, पाय असतात." मग आम्ही दोघं कळफलक घेऊन बसलो. ते एकेक अक्षर म्हणत आणि मी न बघता बोट टेकवी. जिथे बोट पडेल तिथे ते अक्षर.

"ळ?"

माझी उजवी करंगळी पडली.

"तिथे अर्धविराम आहे."

"मग?"

"मग काय? मराठीत अर्धविराम कोण वापरतं?"

"मी वापरते," मी म्हटलं. मुकाट्याने त्यांनी अर्धविरामाला दुसरीकडे जागा करून दिली. ळ करंगळीखाली आला. आपल्या भाषेत तो किती लागतो बघा: वेळ, डोळे, काळजी, बाळ, मिळालं का, कळव. पत्रात तर ळ असतोच.

आणखी एक केलं त्यांनी. कोपऱ्यातली एक कळ दाबली की त्याच बोटांनी तीच अक्षरं गुजरातीत उमटतात. सोसायटीची सेक्रेटरी मी. उद्या पाणी येणार नाही, जिन्यात चपला ठेवू नका, या सगळ्या नोटिसा गुजरातीत लावायच्या असतात.

ही मांडणी मशीनच्या पोटात ठेवावी लागते. आपल्या कागदपत्रांच्या कपाटात नाही, सिस्टमच्या स्वतःच्या कपाटात. स्थिर कुळात ते कपाट वर्ष-दोन वर्षं कोणी उघडत नाही, म्हणून ती तिथे सुखाने राहते. रोज नवं आणणाऱ्या कुळात त्या कपाटातलं सामान केव्हाही बदलतं आणि आपण ठेवलेली वस्तू कोणी न सांगता फेकून देतं. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यातून आलं.

आता वरचे आजोबा. तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. वाघोडियाला एका कारखान्यात होते, तिथून निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्यांच्या मशीनवर दुसऱ्या कुळातलं लिनक्स आहे. सकाळी दात घासायच्या आधी ते मशीनला अपडेट देतात. मग जिन्यात उभे राहून खाली सांगतात, आज काय काय नवं आलं ते. भाजीवाल्याने सांगावं तसं. जिन्यातल्या त्या यादीला मी कधीही उत्तर दिलेलं नाही.

आजोबा होते तेव्हा हे थट्टेत चालायचं. "दादाचं मशीन म्हणजे म्युझियम," दीर म्हणत. "वहिनी, शिळं खाता तुम्ही, शिळं!"

"शिळं आणि मुरलेलं यातला फरक कळायला स्वयंपाकघरात यावं लागतं, भाऊजी," मी म्हणे. "तुम्ही जेवायलाच येता."

आजोबा दोघांकडे बघून हसत आणि आपलं काम करत.

आजोबा गेले, त्या वर्षी घरात सण नव्हते. गणपती नाही, दिवाळी नाही. दसऱ्याला पेटी उघडली नाही, माळ केली नाही. नवी आवृत्ती त्या वर्षी आलेली होती, ती बसवली नाही. त्यात काही बिघडत नव्हतं. जुन्या आवृत्तीला दुरुस्त्या येत होत्या, पुढेही येणार होत्या. स्थिर कुळाचं हेच तर शहाणपण, की घरात दुःख असलं तर ते थांबतं.

दीर थांबले नाहीत.

मी धाकट्या बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेले होते. किल्ली वर दिली होती, झाडांना पाणी घालण्यासाठी. परत आले, तुमची दोन पत्रं आलेली होती, म्हणून चहा घेऊन उत्तर लिहायला बसले. पडद्यावरचा रंगच निराळा. आजोबांनी लावलेला सुरसागर तलावाचा फोटो नाही. करंगळी टेकवली तर ळ नाही, अर्धविराम आला. पुन्हा टेकवली. पुन्हा अर्धविराम. कोपऱ्यातली कळ दाबली, काहीच झालं नाही.

मी जिना चढून वर गेले.

"भाऊजी, माझ्या मशीनला हात कोणी लावला?"

"आलात? कसं आहे बहिणीचं?" ते खुशीत होते. "सरप्राइज! सगळं नवं करून टाकलं. दादा असता तर दसऱ्याला केलंच असतं ना? यंदा दसरा नव्हता, म्हणून मग मी म्हटलं, बिचारं पडून राहील."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या मुलालाच विचारलं की फोन करून. म्हणाला, काका, करून टाका."

म्हणजे तुमचे बाबा. हेही तुम्हाला कळलेलं बरं.

"माझी अक्षरं कुठे आहेत?"

"कसली अक्षरं?"

मी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला, पण हसत. "दादाची ती फाइल? सिस्टमच्या पोटात होती? अहो, पोटात कोण ठेवतं असलं काही! तुमचे सगळे कागद मी जपले बघा, एक इकडचा तिकडे नाही. पोट मात्र नवं बसवलं. एमां शुं वांधो, वहिनी? एमां वांधो शुं?"

वांधा काय आहे हे त्या माणसाला मी मराठीत, गुजरातीत आणि शेवटी इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत मी चढ्या आवाजात बोलले तर शेजारचे दार उघडतात, तसं त्यांनी उघडलं.

मग दीर ते वाक्य बोलले. "एवढं काय? इंग्रजीत लिहा ना. तुम्हाला तर फर्मास येतं. आणि पोरांना तसंही मराठी कुठे येतं? तुमची पत्रं त्यांची आई वाचून दाखवते, तेही इंग्रजी करून."

ते खरं आहे की नाही, हे मी तुम्हाला तेव्हा विचारलं नाही आणि आताही विचारत नाही.

पेटी उघडून पेन ड्राइव्ह काढला. दुखवट्याच्या वर्षात पेटी उघडायची नव्हती, उघडली. फाइल परत जागेवर ठेवली, म्हणजे दिरांकडून ठेववून घेतली, कारण त्यांच्या या नव्या सिस्टममध्ये जागाच निराळ्या होत्या. ळ आला. मी तुम्हाला पत्र लिहिलं. थोड्या दिवसांनी अपडेट आलं आणि ळ गेला. पुन्हा जिना. पुन्हा फाइल. मग पाण्याच्या टाकीची नोटीस लिहिताना मधेच गुजराती गेली आणि अर्धी नोटीस हाताने लिहून लावावी लागली, तेव्हा तळमजल्यावरच्या बेननी विचारलं, "मास्तरबेन, कॉम्प्युटर बगडी गयुं?"

"एक छोटीशी स्क्रिप्ट लिहून देतो," दीर म्हणायचे. "दर वेळी आपोआप परत बसेल. टेन्शन नथी लेवानुं." ती एकदा लिहिलीही. ती चालली, मग एका अपडेटनंतर तीही चालेना. "पुढच्या अपडेटमध्ये होईल," म्हणाले. मी म्हटलं, "मग अपडेट बंद करा." त्यावर ते असे दचकले की जणू मी जेवण बंद करा म्हटलं. अपडेट थांबवलं तर त्यांचं कुळ आणखीच बिघडतं म्हणे. खूप दिवसांनी एकदम दिलं तर मशीन उठतच नाही. म्हणजे दिलं तर माझी अक्षरं जाणार आणि न दिलं तर मशीन जाणार. आणि दर वेळी मी जिना चढून विचारायला जाणार. ते दार उघडून म्हणायचे, "या, वहिनी. गेला वाटतं ळ?" त्यांना ते आवडत होतं. मी खोटं लिहीत नाही. मला त्यांची गरज पडते हे त्यांना फार आवडत होतं.

त्या महिन्यांत तुम्हाला माझी पत्रं इंग्रजीत आली. थोरलीने लिहिलं, "Thank you Aji, this was easier." ते मी वरती कोणाला दाखवलं नाही.

वर्ष सरलं. दसरा आला.

खंडेनवमीला मी पेटी उतरवली. तलवारीला तेल लावलं, हत्यारं पुसली, लहरीपुऱ्याच्या बाजारातून आणलेल्या झेंडूची माळ केली. कॉम्प्युटर बंद ठेवला. दुसऱ्या दिवशी जेवण झालं, भांडी आवरली आणि मी आजोबांच्या खुर्चीवर बसले. इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीवरून प्रत्येक प्रश्न पुन्हा वाचला होता. सत्यनारायणाची मांडणी बघून बघून पाठ होते तसं ते मला पाठ होतं. कुठे ते 'हो' म्हणत, कुठे थांबत, कुठे चष्मा पुसत. कागदपत्रं आधी दुसऱ्या डिस्कवर घेतली, ती उघडतात की नाही ते पाहिलं. मग दिरांचं सगळं काढून टाकलं आणि स्थिर बसवलं.

मधेच दार वाजलं. दीर, हातात आपट्याची पानं. सोनं द्यायला धाकट्याने यायचं असतं, तेवढी रीत ते पाळतात. पडद्याकडे बघितलं आणि पानं तशीच हातात राहिली.

"हे काय केलंत?"

"सीमोल्लंघन."

"वहिनी, हे जुनं आहे. यातला एकेक भाग जुना आहे. मी एवढी मेहनत केली..."

"तुम्हाला कोणी सांगितली होती?"

"दादा असता तर..."

"तर तुम्ही जिन्यावरच थांबला असता."

त्यांनी पानं दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "नवीन काही घेतलं तर हे ओळखणार नाही. मग माझ्याकडे येऊ नका."

"नाही येणार. सोनं ठेवा तिथे."

त्यांनी पानं टेबलावर ठेवली, वाकून नमस्कार केला, कारण मी थोरली आहे, आणि गेले. मी आशीर्वाद दिला. तो द्यावाच लागतो. मग पेन ड्राइव्ह लावला, फाइल जागेवर ठेवली आणि करंगळी टेकवली.

त्यानंतर ती फाइल मी पुन्हा ठेवलेली नाही. ठेवावी लागली नाही.

दीर मात्र एकदा खाली आले. सकाळचं अपडेट देऊन झालं होतं आणि पडदा काळा.

"वहिनी, जरा एक प्रिंट काढायचा होता."

"कशाचा?"

"हयातीचा दाखला. पेन्शनसाठी."

"वरचं मशीन?"

"चाललंय त्याचं. येईल."

मी प्रिंट काढून दिला. चहा विचारला नाही.

आता कॅमेऱ्याचं. तुम्ही दोघांनी मिळून उन्हाळ्यात मला कॅमेरा पाठवलात, मोठ्या पडद्यावर आजी दिसावी म्हणून. माझं मशीन तो ओळखत नाही. कॅमेरा नवा आहे, माझी आवृत्ती त्याच्या आधीची. दीर म्हणाले होते तसंच झालं, आणि हे त्यांनी तुम्हाला मोठ्या आनंदाने कळवलेलं दिसतं, थोडं वाढवून. ओळखत नाही म्हणजे मेलं नाही. माझं तोंड फोनवर दिसतं, ते पुरे. कॅमेरा खोक्यात आहे. येत्या दसऱ्याला नवी आवृत्ती बसवीन, ती आली आहे. ओळखलं तर ठीक. नाही ओळखलं तर खोक्यात राहील आणि तुम्ही रागावू नका.

तुमच्या बाबांना हे वाचून दाखवा, मराठीत. आपल्या आईच्या मशीनवर काकांना 'करून टाका' म्हणण्याआधी त्यांनी आईला फोन केला नव्हता. गणपतीत यावं, मोदक खावेत, काकांच्या मशीनचं काय करायचं ते करावं. माझ्या मशीनला दसऱ्याआधी कोणीही हात लावणार नाही, आणि दसऱ्यालाही फक्त मी लावीन. वरच्या मजल्यावरून कोणी तुम्हाला काही कळवलं तर कळवू द्या. आम्ही दोघं सणाला एकमेकांना नमस्कार-आशीर्वाद करतो, त्यापलीकडे बोलत नाही. ते बदलेल असं मला वाटत नाही आणि बदलावं असंही वाटत नाही.

माझी इंग्रजी पत्रं थोरलीला सोपी गेली, हे मी विसरलेले नाही. तरी हे मराठीत आहे. अवघड गेलं तर दोनदा वाचा. आईला इंग्रजी करायला सांगू नका.

आजोबा नाहीत. त्यांचा सुरसागरचा फोटो मशीनच्या पोटातच होता, तो गेला, पुन्हा मिळाला नाही. तलवार गंजली आहे. पेन ड्राइव्ह चालतो, पेटीत आहे. अर्धविराम त्याच्या जागी आहे. ळ उजव्या करंगळीखाली आहे.